‘नंतर कोण?’ ह्या प्रश्नाला फाशी

६ ऑक्टोबर १९७६ रोजी केनियाचे महान्यायवादी चार्ल्स न्जोंजो ह्यांनी एक निवेदन प्रसिद्ध केले. राष्ट्राध्यक्षाच्या मृत्यूची किंवा पदच्युतीची कल्पना करणे, तसा बेत मनात आणणे, हा फौजदारी गुन्हा असून त्याला देहांताची शिक्षा आहे, असा त्याचा आशय होता. राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा तेव्हा ऐंशीच्या आसपास होते. त्यांच्यामागून राज्याची सूत्रे कोणाकडे जावीत, ह्याची चर्चा दहा दिवसांपूर्वीच नाकुरू येथील जाहीर सभेत झाली होती आणि देशभर तिचे पडसाद उमटत होते. निवेदन निघाले आणि सगळीकडे शांतता पसरली. दोन वर्षांनी, २२ ऑगस्ट १९७८ रोजी, मोंबासा येथे केन्याटा निवर्तले. त्याच दिवशी उपराष्ट्राध्यक्ष डॅनियल अरप मोई ह्यांचा नैरोबीत शपथविधी झाला. रस्त्यावर रणगाडा आला नाही, गोळी सुटली नाही.

ह्या दोन घटना एकमेकींना जोडून न्जोंजो ह्यांच्या मुत्सद्देगिरीची आजवर पुष्कळ वाखाणणी झाली आहे. लोकांची तोंडे वेळीच बंद केली म्हणून देश वाचला, नाही तर युगांडाची गत झाली असती, असे म्हणणारे विद्वान आम्ही इंग्रजीत वाचले आहेत आणि मराठीतही ऐकले आहेत. त्यांच्याच पुढच्या ओळीत आणखी एक सिद्धांत डोकावत असतो. तो असा, की आफ्रिकेतल्या नवस्वतंत्र देशांना कायदा पेलत नाही. तिथे एक खमक्या पुरुष आणि त्याच्याभोवती भीतीचे कुंपण, एवढेच चालते. आम्हांला ही दोन्ही मते साफ अमान्य आहेत. केनियात १९७८ साली जे सुखरूप पार पडले ते घटनेतल्या एका साध्या कलमामुळे. आणि त्यानंतर चोवीस वर्षे त्या देशाने जे भोगले त्यात ह्या फाशीच्या धाकाचा वाटा मोठा होता.

प्रथम कायदाच पाहू; आमचा पेशाच तो. केनियाच्या दंडसंहितेतील राजद्रोहाचे कलम हे इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डच्या १३५१ सालच्या अधिनियमाचे नातवंड आहे. त्या जुन्या कायद्यात राजाच्या मरणाची ‘कल्पना’ करणे हा द्रोह मानला आहे. परंतु त्या काळच्या भाषेत ‘कल्पना’ ह्याचा अर्थ मनात चित्र रंगवणे असा नव्हे. कट रचणे, घात योजणे असा होता. उघड कृती घडल्यावाचून तो गुन्हा सिद्ध होत नसे. केनियाच्या कलमातही हा बेत बोलण्याने, लिहिण्याने वा उघड कृतीने प्रकट व्हावा लागतो, आणि पदच्युतीविषयी तर ‘बेकायदेशीर मार्गाने’ असे शब्द स्पष्ट आहेत. आता नाकुरूच्या सभेत काय झाले? ‘घटना बदला’ म्हणणारी ती मंडळी कायदेमंडळाचे सभासद होती, मंत्री होती. दिवसाढवळ्या, ध्वनिक्षेपकावरून, घटनेतले एक कलम घटनेने सांगितलेल्या रीतीने बदलावे अशी त्यांची मागणी होती. तिच्यात घात कुठला? बेकायदेशीर मार्ग कुठला? लंडनमध्ये बॅरिस्टर झालेल्या न्जोंजोंना हा भेद कळत नव्हता असे कोण म्हणेल! त्यांनी कलमाचा अर्थ सांगितला नाही, नुसते कलम दाखवले. आणि ज्या राज्यात कलम दाखवून भागते तिथे न्यायालयात जाण्याची गरजच उरत नाही. त्या निवेदनावरून एकही खटला उभा राहिला नाही हे त्याचे यश मानले जाते. आमच्या मते तोच त्यातला सर्वांत मोठा दोष होय. खटला झाला असता तर निदान एखाद्या न्यायाधीशाला त्या शब्दाचा खरा अर्थ सांगावा लागला असता.

मरणाचे नाव काढू नये ही भावना आपल्याला परकी नाही. पक्षकाराला मृत्युपत्र करण्याचा सल्ला द्यावा, तो घरातल्या थोरांनी ‘वकीलसाहेब, अभद्र बोलू नका’ म्हणून हात जोडावेत, आणि पुढे त्याच घरातल्या भावाभावांनी इन्व्हेंटरीच्या कामासाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्यात, हे आम्ही कितीदा पाहिले आहे! पण आपल्याच समाजात ह्याच्या उलट एक परंपराही आहे, आणि ती अधिक शहाणी आहे. आमच्या वाचकांपैकी बहुतेक कुटुंबे कुठल्या ना कुठल्या मठाशी बांधलेली आहेत. पीठस्थ स्वामी आपल्या हयातीतच शिष्यस्वीकार करतात. तो विधी चारचौघांत, मंत्रघोषात होतो. महाजन आणि अनुयायी आशीर्वाद घ्यायला दुरून येतात. ह्या सोहळ्याला कोणी गुरूच्या मरणाची कल्पना म्हणत नाही. गुरू आहेत तोवरच हे ठरावे, म्हणजे नंतर वाद नको, एवढे व्यावहारिक शहाणपण त्यात आहे. राज्य म्हणजे मठ नव्हे, तिथे शिष्य गुरूने निवडायचा नसून लोकांनी निवडायचा असतो, हा फरक आम्ही विसरत नाही. पण निवडीचा प्रश्न उघड्यावर असावा, एवढी गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

केनियात हा प्रश्न उघड्यावर कधी येऊच दिला नव्हता, आणि त्याची किंमत १९७६ च्या पुष्कळ आधीपासून मोजली जात होती. देश स्वतंत्र झाला १२ डिसेंबर १९६३ रोजी, प्रजासत्ताक झाला बरोबर वर्षाने. राष्ट्राध्यक्ष केन्याटा, उपराष्ट्राध्यक्ष ओगिंगा ओडिंगा. दोघांचे जमिनीच्या वाटपावरून आणि परराष्ट्रनीतीवरून बिनसले. मार्च १९६६ मध्ये लिमुरू येथे सत्ताधारी कानू पक्षाची परिषद भरली आणि तिने पक्षाचे उपाध्यक्षपदच मोडून त्याचे आठ तुकडे केले. माणूस काढता येईना म्हणून खुर्चीच फोडली! ओडिंगांनी राजीनामा देऊन वेगळा पक्ष काढला, तेव्हा घाईघाईने घटनादुरुस्ती झाली की पक्ष सोडणाऱ्या सभासदाने पुन्हा निवडून यावे. तत्त्व म्हणून हा नियम वाईट नाही. आपल्याकडेही पक्षांतरबंदी आहे. परंतु समोर विशिष्ट चेहरे ठेवून, त्या आठवड्यापुरता केलेला नियम हा नियम नव्हे.

ओडिंगांच्या जागी आले जोसेफ मुरुंबी. हे नाव आमच्या वाचकांना ठाऊक असावे अशी आमची इच्छा आहे. त्यांचे वडील गोमंतकीय व्यापारी, आई मासाई; शिक्षण दक्षिण भारतात झालेले. ग्रंथांचा आणि कलावस्तूंचा एवढा मोठा संग्राहक पूर्व आफ्रिकेत दुसरा झाला नाही. त्यांचा संग्रह आज नैरोबीच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहे. मुरुंबी उपराष्ट्राध्यक्षपदावर राहिले अवघे सात महिने. नोव्हेंबर १९६६ च्या अखेरीस त्यांनी पद सोडले आणि राजकारणच सोडले. त्यांच्या मनाला जी जखम होती तिचा उल्लेख त्यांच्याविषयी लिहिणारे सगळे करतात. त्यांचा निकटचा मित्र पियो गामा पिंटो ह्याचा २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत राहत्या घराच्या दारात गोळ्या घालून खून झाला होता. पिंटो हा नैरोबीत जन्मलेला गोमंतकीय, गोव्याच्या मुक्तीसाठी झटलेला, केनियाच्या स्वातंत्र्यासाठी इंग्रजांच्या स्थानबद्धतेत वर्षानुवर्षे पडलेला, आणि ओडिंगांच्या गटाचा बुद्धिमान संघटक. खुनाच्या वेळी तो कायदेमंडळाचा सभासद होता. एक तरुण खुनी म्हणून दोषी ठरला. खुनामागे कोण होते ते मात्र कधी उजेडात आले नाही.

मग १९६७ च्या जानेवारीत मोई उपराष्ट्राध्यक्ष झाले. ते कालेंजिनांपैकी, पूर्वी विरोधी पक्षात असलेले, शांत, कोणाच्या डोळ्यांत न भरणारे. आणि आमचा समज असा की डोळ्यांत भरत नव्हते म्हणूनच टिकले. वारसा सांगू शकणारा दुसरा उमेदवार होता टॉम म्बोया. केन्याटांच्या प्रकृतीची चिंता वाटू लागल्यावर १९६८ साली घटना पुन्हा दुरुस्त झाली. राष्ट्राध्यक्षाला वयाची किमान अट चाळीस वर्षे असावी असा प्रथम घाट होता. म्बोया चाळिशीच्या आत होते, हे सांगायलाच नको! शेवटी ती अट पस्तिसावर आली. ५ जुलै १९६९ रोजी नैरोबीच्या भर रस्त्यात म्बोयांना गोळी लागली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ओडिंगांचा पक्ष बेकायदा ठरून ते तुरुंगात गेले. मार्च १९७५ मध्ये जे. एम. कारियुकी ह्या लोकप्रिय सभासदाचे प्रेत न्गोंगच्या टेकड्यांत सापडले. ऑक्टोबर १९७५ मध्ये कायदेमंडळात ‘कानू पक्ष मेला आहे’ अशा अर्थाचे बोलल्याबद्दल शिकुकू, आणि ते बोलणे उचलून धरल्याबद्दल उपसभापती सेरोनी, ह्या दोघांना सभागृहाच्या आवारातच पकडून स्थानबद्ध केले. न्जोंजोंचे निवेदन ह्या मालिकेतले पुढचे पाऊल होते. पक्षाचे मरण बोलणे आधीच गुन्हा झाले होते. वर्षभराने माणसाचे मरण बोलणेही गुन्हा झाले.

आता त्या १९६८ च्या दुरुस्तीतली चांगली बाजू सांगितली पाहिजे, कारण १९७८ ची सगळी पुण्याई तिचीच आहे. पद रिकामे झाल्यास उपराष्ट्राध्यक्षाने जास्तीत जास्त नव्वद दिवस सूत्रे सांभाळावीत, तेवढ्यात निवडणूक व्हावी, आणि त्या मुदतीत काही गंभीर अधिकार मंत्रिमंडळाच्या ठरावावाचून त्याला वापरता येऊ नयेत, असे ते कलम होते. मोजकी भाषा, ठरलेली मुदत, हात बांधलेला कारभारी. उत्तम कलम! केन्याटांच्या मरणादिवशी सरन्यायाधीश, मंत्री आणि सेनाधिकारी ह्यांच्यापुढे हा लेखी मजकूर होता आणि सर्वांनी तो मानला. नाकुरूच्या मंडळींचा आक्षेप असा, की हंगामी खुर्चीवर बसलेल्याला निवडणुकीत गैरवाजवी लाभ मिळतो. हा आक्षेप खोटा ठरला नाही. ऑक्टोबर १९७८ मध्ये मोई पक्षातही बिनविरोध आणि राज्यातही बिनविरोध. त्या मंडळींचा हेतू शुद्ध नव्हता; सत्ता किकुयूंच्या, त्यातही आपल्या वर्तुळातल्या, हातून जाऊ नये एवढाच तो होता. पण अशुद्ध हेतूने काढलेली शंकाही कधी कधी बरोबर असते, आणि म्हणूनच तिला उत्तर द्यायचे असते, फाशी दाखवायची नसते.

मोईंनी घोषवाक्य निवडले ‘न्यायो’, म्हणजे पाऊलखुणा. त्यांनी केन्याटांच्या पाऊलखुणा इतक्या इमानाने गिरवल्या की पुढे पाऊल टाकायला दुसऱ्या कोणाला जागा राहिली नाही. १९८२ च्या जूनमध्ये घटनेत २-अ हे कलम घालून कानूखेरीज दुसरा पक्षच बेकायदा ठरवला. घटनाविषयक खात्याचे मंत्री त्या वेळी होते हेच चार्ल्स न्जोंजो. दोन महिन्यांच्या आत, १ ऑगस्ट रोजी, हवाई दलातील काहींनी उठाव केला. तो मोडला गेला, पण १९७८ साली न आलेली बंदूक १९८२ साली आली, हे मौनाचे गोडवे गाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. बोलण्याची वाट बंद केली की दुसऱ्या वाटा उघडतात. पुढे महान्यायवादी, लेखापरीक्षक आणि १९८८ मध्ये न्यायाधीशसुद्धा, ह्यांच्या पदाची शाश्वती काढून घेण्यात आली. त्याच वर्षी मतदारांना उमेदवाराच्या चित्रामागे रांगेत उभे करून मोजणी झाली; लांब रांग हरली आणि आखूड रांग जिंकली, अशा तक्रारी गावोगाव होत्या.

न्जोंजोंचे काय झाले? १९८३ मध्ये त्यांच्यावरच द्रोहाचा संशय घेतला गेला. परकीयांच्या मदतीने सत्ता बळकावू पाहतो अशी कुजबुज, मग चौकशी आयोग, मग १९८४ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांची क्षमा. पुढे ते दीर्घायुषी झाले. २०२२ च्या जानेवारीत, शंभरी ओलांडून वारले. आम्हांला त्यांच्या पडझडीचा आनंद नाही. ज्याने राजद्रोहाचा अर्थ एवढा ताणून ठेवला, त्याला स्वतःवर आळ आल्यावर आखूड अर्थाचा आसरा मिळाला नाही, एवढे नोंदवून आम्ही पुढे जातो.

१९९१ च्या अखेरीस २-अ रद्द झाले. ते का झाले ह्याचे श्रेय परदेशी मदत थांबवणाऱ्या देशांना देण्याची पद्धत आहे. मदत थांबली हे खरे. पण ७ जुलै १९९० रोजी नैरोबीत बंदी मोडून जमलेले लोक, तुरुंगात गेलेले वकील आणि व्यासपीठावरून बोललेले धर्मगुरू हे त्याच्या आधीचे आहेत. त्याच दुरुस्त्यांच्या ओघात राष्ट्राध्यक्षाला पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती, हे बंधन आले. मोई १९९२ आणि १९९७ साली फुटलेल्या विरोधकांपुढे निम्म्याहून कमी मतांनी जिंकले. पण २००२ साली दोन मुदती संपल्या, आणि त्यांना जावे लागले. त्यांनी वारस म्हणून पुढे केले जोमो केन्याटांचे पुत्र उहुरू ह्यांना. मतदारांनी दुप्पट मतांनी म्वाई किबाकींना निवडले आणि ३० डिसेंबर २००२ रोजी अपघातातून न सावरलेल्या किबाकींनी चाकाच्या खुर्चीवरून शपथ घेतली. चाळीस वर्षे सत्तेत असलेला पक्ष मतपेटीने घरी गेला. खमक्या पुरुषाचा सिद्धांत सांगणाऱ्यांनी ह्या दिवसाचे काय करायचे ते आम्हांला अजून कोणी सांगितलेले नाही.

पाच वर्षांनी पुन्हा घसरण झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीत मोजणीवर अविश्वास, संध्याकाळी उरकलेला किबाकींचा शपथविधी, आणि नंतरच्या दोन महिन्यांत अकराशेंहून अधिक माणसे मेली, लाखो बेघर झाली. शेजारी शेजाऱ्यावर तुटून पडला. पण त्या वेळी रायला ओडिंगांच्या पक्षाने न्यायालयात जायला नकार का दिला? राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या न्यायाधीशांवर त्यांचा विश्वास नव्हता म्हणून. १९८८ साली न्यायाधीशांच्या खुर्चीचे पाय कापले, त्याची वसुली वीस वर्षांनी रस्त्यावर झाली. रक्तपाताचे कारण ‘जमाती’ म्हणून सोडून देणाऱ्यांना ही जोडणी दिसत नाही. जमाती १९७८ सालीही होत्याच की!

त्यातून निघाली २०१० ची घटना. राष्ट्राध्यक्षपद रिकामे झाले तर उपराष्ट्राध्यक्षाने उरलेली मुदत पुरी करावी. निवडणुकीवर आक्षेप असेल तर सात दिवसांत अर्ज करावा आणि सर्वोच्च न्यायालयाने चौदा दिवसांत निकाल द्यावा. आम्हां वकिलांना चौदा दिवस ऐकूनच घाम फुटतो! पण २०१७ साली हे घडले. १ सप्टेंबर रोजी सरन्यायाधीश डेव्हिड मरागा आणि त्यांच्याशी सहमत तीन न्यायाधीश ह्यांनी, दोघांच्या विरोधी मतानंतरही, पदावरील राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटांची निवड रद्द ठरवली. अर्जदार होते ओगिंगा ओडिंगांचे पुत्र रायला. बापांच्या भांडणात पक्षाची खुर्ची फोडली गेली, माणसे तुरुंगात गेली. मुलांच्या भांडणात कागदपत्रे दाखल झाली, संगणकाच्या नोंदी मागवल्या गेल्या आणि उत्तर दिले गेले. फेरनिवडणुकीवर रायलांनी बहिष्कार घातला, गोळीबारही झाला. सगळे गोड झाले असे आम्ही म्हणत नाही. तरी २०२२ मध्ये विल्यम रुटो पन्नास टक्क्यांच्या किंचित वर मते मिळवून आले तेव्हा आक्षेप पुन्हा त्याच न्यायालयात गेला, एकमताने फेटाळला गेला, आणि उहुरू दोन मुदती संपवून घरी गेले. रायला ओडिंगा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी, उपचारासाठी आले असता, केरळात वारले. राष्ट्राध्यक्षपद त्यांना कधी मिळाले नाही. पण त्या पदापर्यंतचा रस्ता न्यायालयावरून नेण्यात त्यांच्याएवढा हात दुसऱ्या कोणाचा नाही.

स्वातंत्र्यापासून पाच राष्ट्राध्यक्ष झाले. एक पदावर असता निवर्तले, तिघे मुदत संपल्यावर घरी गेले, पाचवे आज पदावर आहेत. शेजारच्या युगांडात १९८६ पासून एकच गृहस्थ आहेत. तिथे मुदतीचे बंधन २००५ साली आणि वयाचे २०१७ साली काढून टाकले. दोन्ही देश आफ्रिकेतलेच, दोन्ही इंग्रजांच्याच हातून सुटलेले. तेव्हा फरक मातीचा नाही.

केनियाचे आजचे राज्यकर्ते साधू आहेत असे कोणी समजू नये. जून २०२४ मध्ये करवाढीच्या विधेयकाविरुद्ध उतरलेल्या तरुणांवर नैरोबीत गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात उपराष्ट्राध्यक्ष रिगाथी गाचाग्वा ह्यांना महाभियोगाने काढले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला किथुरे किंदिकी त्यांच्या जागी बसले. राष्ट्राध्यक्षाशी बिनसलेला उपराष्ट्राध्यक्ष जातो, हे १९६६ पासून चालतच आहे. फक्त ह्या खेपेला आरोप लेखी होते, दोन्ही सभागृहांत मते मोजली गेली, वकील उभे राहिले, आणि काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी न्यायालयाच्या दारात जाऊन पुढच्या, २०२७ च्या, निवडणुकीविषयी मोठ्याने बोलू लागला.